कोठीतली चाकांची खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जुनी म्हणजे वापरून झिजलेली, असा गैरसमज नको. माझी बरीचशी वर्षं नुसती ठेवून ठेवून गेली. वापरून जुनं होण्यात काही मान असतो. ठेवून जुनं होण्यात फक्त धूळ असते आणि ती मी पोटभर खाल्ली आहे. मित्रांनो, तुम्ही माणसाच्या जातीचे, म्हणून तुमच्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एकाने नळ्या वाकवल्या, दुसऱ्याने जोडल्या, तिसऱ्याने चाकांच्या तारा ताणल्या. हा तिसरा मला आवडला होता. प्रत्येक तार तो बोटाने वाजवून बघायचा. चाक जरा लटपटलं की कपाळाला आठ्या घालून सगळं पुन्हा उकलायचा. शेजारचा म्हणाला, "पुरे की आता." तर हा म्हणाला, "अरे, यावर कोणीतरी बसणार आहे." बिचाऱ्याचा तसा समज होता. तोच समज घेऊन मी दुकानात गेले.

दुकानातून मला एका ठेकेदाराने विकत घेतलं. आईच्या स्मरणार्थ चर्चला द्यायला. त्याची ही आई शेवटची कितीतरी वर्षं मागच्या खोलीत पलंगावर पडून होती. तेव्हा तिला खुर्ची आणावी असं घरात कोणाच्या मनात आलं नव्हतं. मला गाडीत चढवताना त्याचा ड्रायव्हरच हे दुकानदाराला सांगत होता. आई गेल्यावर मात्र साहेबांचं प्रेम असं काही उतू गेलं की माझ्या पाठीवर पितळेची पाटी ठोकली. तिच्यावर आईचं नाव बारीक अक्षरांत आणि ठेकेदाराचं ठळक.

चर्चमध्ये माझं अर्पण झालं. पाळकसाहेबांनी माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. फोटोत माझ्यावर कोण बसलं असेल? पंचकमिटीचे सगळ्यांत धडधाकट पंच. मुलं त्यांना पाठीमागे अजूनकाका म्हणायची, कारण त्यांची प्रार्थना आता संपली असं वाटलं की ते म्हणत, "अजून, हे प्रभू..." आणि गाडी पुन्हा सुरू. ते माझ्यावर बसले, पाय लांब करून हसले आणि उठले. इतकाच माझा उपयोग.

मग कमिटीने चहा पीत पीत माझ्याबद्दल ठराव केला. खुर्ची किमती आहे, देणगीदाराच्या भावना जोडलेल्या आहेत, तेव्हा ती चर्चच्या आवारातच वापरावी, बाहेर नेऊ नये. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे बघा, ज्याला चालता येत नाही त्याने आधी चालत चर्चला यायचं आणि मग माझ्यावर बसायचं. एवढी शिकलेली डोकी एकत्र बसली होती, पण एकाच्याही लक्षात आलं नाही. की आलं होतं आणि गप्प बसले, ते त्यांनाच ठाऊक.

मला कोठीत ढकललं. मोडके पंखे, फुलांच्या कुंड्या, चिकटलेल्या मेणबत्त्यांचा खोका, हे माझे शेजारी. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नाही. हळूहळू चाकांतली हवा गेली आणि मी जमिनीला टेकले. कोठीचं दार पातळ होतं, पलीकडे उपासना चालायची, त्यामुळे दर रविवारी सगळं ऐकणं माझ्या नशिबी आलं.

उपासनेत एक वेळ अशी यायची की पाळकसाहेब विचारत, "कोणाच्या काही प्रार्थना विनंत्या?" आणि दर रविवारी कोणी ना कोणी उठून म्हणायचं, "आपल्या सुईणमावशीसाठी." ही म्हातारी चर्चच्या मागच्याच गल्लीत राहायची, जोरात हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ. मंडळीतली निम्मी माणसं तिच्या हातांनी जन्मलेली. तिचे पाय गेले होते आणि तिला घरात कोणी नव्हतं. मग अजूनकाका उभे राहायचे. सगळे डोळे मिटायचे. "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या त्या दासीच्या पायांत बळ घाल. तिला आमच्यामध्ये परत आण. तुला काहीच अशक्य नाही." दाराच्या पलीकडे हे चाललेलं आणि अलीकडे मी. देवाने तरी आणखी काय करावं? खुर्ची दिली, आता येऊन कडीही त्यानेच काढावी काय? मला तर ऐकून ऐकून किळस यायची.

पाळकसाहेब मनाने वाईट नव्हते, फक्त घाबरट होते. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला ते पेटीत घालून तिच्या घरी घेऊन गेले, तर म्हातारीने त्यांना तसंच परत पाठवलं. पडल्या चेहऱ्याने त्यांनी कमिटीला सांगितलं, "त्या म्हणतात, प्रभुभोजन म्हणजे काय घरपोच डबा आहे? सगळ्यांबरोबर बसून घेईन, नाहीतर घेणार नाही." यावर कमिटीने काय केलं असेल? पुढच्या रविवारपासून प्रार्थनेत एक वाक्य वाढवलं, "आणि प्रभू, तिला नम्रता दे."

मग एका शनिवारी बातमी आली. मावशीचा भाचा सोमवारी येऊन तिला आपल्या शहरात घेऊन जाणार. खोली सोडायची, सामान वाटून टाकायचं. तिला जायचं नव्हतं. तिचं सगळं आयुष्य या गल्लीत गेलेलं, नवऱ्याची कबर इथेच. पण कोणी दोन बादल्या पाणी भरून द्यायला येत नसेल तर राहणार कशी? म्हणजे उद्याचा रविवार तिचा शेवटचा, आणि नेमका तो प्रभुभोजनाचा.

कमिटी कोठीच्या दाराशीच टेबल टाकून बसली होती. तिथे पेटीवाल्या बाई आल्या. या शाळेत गणित शिकवत आणि चर्चमध्ये पेटी वाजवत. तोंडाने फटकळ, आणि मंडळीत त्यांनी कधी मोठ्याने प्रार्थना केलेली कोणी ऐकली नव्हती. त्याबद्दल लोक कुजबुजायचेही.

"उद्यापुरती खुर्ची द्या. मावशींना आणते," बाई म्हणाल्या.

"बाहेर न्यायची नाही असा ठराव आहे, बाई," अजूनकाका म्हणाले.

"मग ठराव बदला."

"त्याला सभा लागते. शिवाय समोर पायऱ्या आहेत. वर कशी चढवणार?"

"कोठीच्या बाजूच्या दाराला पायरी नाही. पेटी तिथूनच आत आणता ना?"

"बघू. यावर आपण प्रार्थना करू," अजूनकाका म्हणाले.

बाई वळल्या आणि निघून गेल्या. मला वाटलं, झालं, हिनेही हात टेकले. यांच्याकडून दुसरी अपेक्षा तरी काय करायची?

रविवारी विनंत्यांची वेळ आली. अजूनकाका उठले, घसा साफ केला, सगळ्यांनी डोळे मिटले. आणि माझ्या दाराची कडी वाजली. पेटीवाल्या बाई आत आल्या, माझ्यावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं, कुंड्या पायाने सरकवल्या आणि बाजूच्या दाराने मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी मी ऊन पाहिलं. खरं सांगते, मला रडू आलं असतं, पण आमच्यात ती सोय नाही.

चाकांत हवा नसल्याने मी खडखडत, फरफटत चालले होते. गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्याचं दुकान होतं. तो चर्चला येणारा नव्हता, त्याचा देव वेगळा. माझी अवस्था बघून तो म्हणाला, "बाई, ही अशी नेलीत तर टायर फाटेल. थांबा, हवा भरतो."

"लवकर भरा. आमेनच्या आत पोहोचायचंय."

"म्हणजे किती वेळ आहे?"

"तेच तर सांगता येत नाही," बाई म्हणाल्या. आणि तो पंप मारत असताना त्यांनी डोळे उघडे ठेवूनच हलक्या आवाजात म्हटलं, "प्रभू, अजूनकाकांना आज आणखी थोडं सुचू दे." इतक्या वर्षांत ऐकलेल्या प्रार्थनांपैकी कामाची अशी मला ही पहिलीच वाटली.

सुईणमावशी दारातच बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून, केस विंचरून. दर रविवारी ती अशीच तयार होऊन गाणी ऐकत बसायची, हे मला तेव्हा कळलं. मी मनात तिचंही एक चित्र काढून ठेवलं होतं, कण्हणारी, डोळे पुसणारी म्हातारी. तर तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "एवढी गुबगुबीत गादी आणि ही बया कोठीत झोपा काढत होती होय?" मला राग आला. पण आमच्याबरोबर आलेल्या सायकलवाल्याने तिला अलगद उचलून माझ्यावर बसवलं आणि राग कुठल्या कुठे गेला. माझ्यावर खरं माणूस बसलं होतं. तारा ताणणाऱ्या त्या कारागिराची मला फार आठवण झाली.

आम्ही बाजूच्या दाराने आत शिरलो तेव्हा अजूनकाका दूर देशांतल्या राज्यकर्त्यांपर्यंत पोहोचले होते. बाईंनी मला तिसऱ्या बाकाच्या कडेला लावलं, ब्रेक ओढला आणि पेटीपाशी जाऊन बसल्या. "अजून, हे प्रभू," काका म्हणाले, "तुझ्या त्या दासीला आमच्यामध्ये आण. आमेन."

सगळ्यांनी डोळे उघडले. कोणी तोंडावर हात ठेवला, कोणी रडू लागलं. अजूनकाकांचा चेहरा तर उजळून निघाला. "ऐकलं," ते म्हणाले, "प्रभूने माझी प्रार्थना संपायच्या आत ऐकली. चमत्कार झाला." आणि लोक त्यांचेच हात हातात घेऊ लागले. मित्रांनो, माझी चाकं धावपळीने धापा टाकत होती आणि श्रेय कोणाला मिळत होतं बघा.

मावशीने सगळ्यांना गप्प होऊ दिलं. "प्रभूने ऐकलं ते खरंच," ती म्हणाली. "पण मला आणलं पेटीवालीने आणि हवा भरली सायकलवाल्याने. आता भाकर द्या, पुष्कळ दिवसांची भूक आहे."

पाळकसाहेबांनी भाकर मोडली. ती हातातून हातात जात मावशीपर्यंत आली. तिने एकटीने घेतली नाही. शेजारच्या बाकावरच्या सगळ्यांना मिळेपर्यंत तळहातावर धरून ठेवली आणि मग त्यांच्याबरोबर खाल्ली. तिची कोपरं माझ्या हातांवर टेकलेली होती. तेवढा वेळ मला कोणाचाच राग आला नाही. फार वेळ नव्हता तो.

उपासना संपत आली तेव्हा तिने हात वर केला. "माझी एक विनंती आहे. चमत्कार झाला म्हणता ना? मग पुढच्या रविवारी हा चमत्कार कोण ढकलणार? आणि सोमवार ते शनिवार माझं पाणी कोण भरणार? भाचा उद्या येतोय. त्याला मी काय सांगू?"

मघाशी रडणारे आता गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसून बसले. कोणी घड्याळ बघितलं, कोणी मुलाची कॉलर नीट केली. मला हसू येत होतं. हीच माझी माणसं, हीच मी दाराआडून ओळखलेली.

मावशीने सरळ अजूनकाकांकडे बोट केलं. "तू सांग. तू पायाळू जन्मलास. तुझे पाय आधी बाहेर आले आणि बाकीचा तू यायला तयारच नव्हतास. तुझी आई आणि मी दोघी रडकुंडीला आलो होतो, पण मी सोडून गेले नाही. आता तू सांग, मी जाऊ की राहू?"

काका उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, प्रार्थना सुरू करणार. पण ते मान खाली घालून म्हणाले, "राहा, मावशी. मी येतो." त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत छोटं भाषण असावं. त्यानंतर पाळकसाहेबांनी हात वर केला, आणि मग आणखी काहींनी. भाचा आला, जेवला आणि एकटाच परत गेला.

लगेच सगळे देवदूत झाले असं समजू नका. वर आलेल्या हातांतले बरेच महिनाभरात आपापल्या खिशात गेले. पाण्याची वेळ चुकते, मग मावशी शिव्या घालते, मग कोणीतरी धावत येतं. ठरावाचं पुढे काय झालं मला माहीत नाही, कारण मी आता तिच्याच खोलीत राहते. पण अजूनकाका आले. पहिल्या रविवारी ते मला ढकलत निघाले आणि सवयीने त्यांच्या तोंडून प्रार्थना सुरू झाली, आणि तोंडापाठोपाठ डोळेही मिटले. माझं पुढचं चाक गटाराच्या काठावरून घसरलं. मावशीने माझे हात घट्ट धरले.

"प्रार्थना चालू दे," ती म्हणाली, "पण डोळे उघड. मी खुर्चीत आहे."

मित्रांनो, मी तुमच्याजवळ धूळ पुसण्याची भीक मागत नाही. तुमच्याही आसपास, हाकेच्या अंतरावर, कोणीतरी आवरून दारात बसलेलं असेल. त्याच्यासाठी देवाकडे जरूर मागा. आणि मागून झालं की चपला घालून त्याच्याकडे जा. काका आता तसंच करतात. त्यांची प्रार्थना अजूनही लांबलचकच असते, पण गल्लीतला एकेक खड्डा त्यांना पाठ झाला आहे.