पन्नास ग्रेनची गोळी

ऑर्व्हिल ट्रॅनमर जन्मात कुणाला काही फुकट देणारा म्हातारा नव्हता. त्यानं न्याहारीच्या टेबलावर काडतुसांचा नवा कोरा डबा ठेवला, तेव्हाच सुनेनं सावध व्हायला हवं होतं. पण मार्लिसचा नवरा, वेस, वारून वर्ष झालेलं. म्हाताऱ्यानं वर्षभरात तिच्याकडे सरकवलेली ही पहिली वस्तू. तिला बिचारीला तेवढ्यानंही बरं वाटलं.

"वेसची बंदूक घे," म्हातारा म्हणाला. "आणि वासरं खाणारा तो कोल्हा रविवारच्या आत कुंपणावर लटकव. लटकवलास, तर हे घर, ओढ्याकडची जमीन, गुरं, सगळं तुझ्या नावावर करतो. नाही जमलं, तर मुकाट्यानं आपल्या बहिणीकडे नेब्रास्काला जायचं. कबूल?"

"आणि विताना अडलेल्या गाई कोण सोडवणार? तुमची ती खुब्याची हाडं?"

"माझ्या हाडांचं मी बघीन. तू कोल्ह्याचं बघ."

बारा वर्षं तिनं त्या जमिनीवर हाडाची काडं केली होती. वायोमिंगच्या हिवाळ्यात बर्फ फोडून गुरांना पाणी पाजलं, अडलेल्या कालवडींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातले. दुसरं घर तिला माहीत नव्हतं आणि नकोही होतं. ती कबूल म्हणाली.

त्या मुलखात मारलेला कोल्हा रस्त्याकडेच्या तारेवर उलटा टांगतात. येणारे-जाणारे शेजारी गाडी हळू करून मोजतात, आणि कुणाच्यात किती दम आहे ते मग गावातल्या हॉटेलात कॉफी पिताना ठरतं. वेस गेल्यापासून ट्रॅनमरांची तार रिकामी होती.

बुधवारी पहाटे मार्लिस घळीच्या काठावर पोटावर पडून राहिली. कोल्हा आला, दीडशे यार्डांवर थांबला. तिनं श्वास रोखून घोडा दाबला. धूळ उडाली ती कोल्ह्याच्या चांगली हातभर डावीकडे. गुरुवारी उजवीकडे. शुक्रवारी कुठे गेली देव जाणे! कोल्ह्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि सावकाश, लग्नाच्या वरातीत चालल्यासारखा, निघून गेला. त्याच दुपारी एक वासरू गेलं. मागचा अर्धा भाग तेवढा उरला होता.

म्हाताऱ्यानं हॉटेलात जाऊन काय करावं? "आमच्या सूनबाई कोल्ह्यांना सलामी देतात," म्हणाला. "मी संधी दिली हो. पण अंगात नसेल तर आणायचं कुठून?" मंडळी खो खो हसली. मार्लिस मागच्याच टेबलापाशी पावाची पिशवी घेऊन उभी होती, हे त्यानं पाहिलं होतं. पाहूनच बोलला तो, मेला!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिला राग आला तो स्वतःचाच. आपलीच नजर गेली, आपलाच हात कापतो, असंच तिला वाटत होतं. तशीच ती बंदूक घेऊन ग्लेनिसच्या दुकानात शिरली. ग्लेनिस सत्तरीची. चाळीस वर्षं बंदुका विकत आलेली. जीभ अशी की समोरच्याची सालं काढील.

"दुर्बीण सरकली असेल. जरा बघ ना," मार्लिस म्हणाली.

ग्लेनिसनं दुकानामागच्या मोकळ्या जागेत कागद लावून तीन गोळ्या झाडल्या. कागद काढून आणला तर भोकं गोल नव्हतीच. एक तर चक्क अख्ख्या गोळीएवढं लांबट, आडवं पडलेलं.

"दुर्बीण कसली घेऊन बसलीस!" ग्लेनिस म्हणाली. "गोळी आडवी होऊन जातेय. हिच्या नळीतल्या खाचांचा पीळ सैल, बाई. चौदा इंचांत गोळीला एकच गिरकी मिळते. एवढ्याशा गिरकीवर सत्तर ग्रेन वजनाची लांबडी गोळी सरळ राहीलच कशी? हवेत झिंगते ती. हिला हलकीच लागते."

"घरात तर म्हणाले, जड तीच चांगली."

"कोण म्हणालं?"

"ऑर्व्हिल."

ग्लेनिसनं चष्मा काढला. "ही बंदूक आधी त्याचीच होती. तीस वर्षं याच काउंटरवरून पन्नासची गोळी नेली त्यानं. मागच्या आठवड्यात हा सत्तरचा डबा मागितला. मी म्हटलं, अरे, तुझ्या नळीला ही चालायची नाही. तर म्हणतो, ठाऊक आहे मला."

मार्लिसनं तो भोकांचा कागद पुन्हा हातात घेतला. बारा वर्षं ज्याला जेवण वाढलं, त्यानं तिचा काटा काढायला एवढा विचार करून डबा विकत आणला होता.

"चाळीसची देऊ?" ग्लेनिसनं विचारलं. "तुफान पळते."

"घळीत वारा असतो सारखा. वाहवेल ती. आणि खांद्यावर लागली तर वरच फुटेल, जनावर रखडत मरेल. पन्नासची दे. आत जाऊन फुटली पाहिजे. पार होऊन मागच्या गाईंत जायला नको."

"आत्ता कशी बोललीस!" ग्लेनिस म्हणाली.

शनिवारी सकाळी एका गोळीत काम झालं. कोल्ह्याला पाय झाडायलाही वेळ मिळाला नाही. जवळ जाऊन पाहिलं तर कोल्हीण होती, आचळांत दूध भरलेली. म्हणजे कुठल्या तरी बिळात पिल्लं वाट बघत होती आणि दोन-तीन दिवसांत तीही संपणार होती. मार्लिसला क्षणभर गलबलून आलं. मग तिनं कोल्हिणीचे मागचे पाय तारेनं बांधले आणि तिला रस्त्याकडेला टांगलं.

दुपारी ती गोठ्यात होती. एक पहिलटकरीण कालवड अडली होती. वासराच्या पुढच्या पायांना साखळी लावून, आत हात घालून, ती त्याचं वळलेलं डोकं सरळ करत होती. म्हातारा काठी टेकत दारात आला.

"कुंपण बघितलंत?" तिनं मान न वळवता विचारलं.

"बघितलं."

"मग कागद कधी करायचे?"

"कागद सोमवारीच झाले. टॉडच्या नावावर. माझ्या भावाचा मुलगा तो, ट्रॅनमर रक्ताचा. तू काय, बाहेरची."

"सोमवारी? मला डबा दिलात मंगळवारी!"

"लोकांना दिसायला हवं ना, की मी संधी दिली म्हणून. बरं, आता ओढ लवकर. जीव जाईल तिचा."

मार्लिसनं हात बाहेर काढला. कोपराच्या वरपर्यंत रक्त होतं. बादलीत तिनं तो सावकाश धुतला, गोणपाटाला पुसला. साखळी वासराच्या पायांना तशीच होती.

"अगं, काय करतेस?"

"टॉडला बोलवा."

"तो डेन्व्हरला आहे! पाच तास लागतात! माझ्यानं वाकवत नाही, ठाऊक आहे तुला!"

"ठाऊक आहे मला," मार्लिस म्हणाली आणि गाडीकडे चालू लागली.

मागून म्हातारा आधी शिव्या देत होता, मग नावानं हाका मारू लागला, मग चक्क गयावया करू लागला. त्याचं तिला काहीही वाटलं नाही. पण कालवडीचं ओरडणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. अजून दहा मिनिटं होती हातात, परत फिरली असती तर दोन्ही जीव वाचले असते, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं. ती ढसाढसा रडली, पण गाडी काही तिनं थांबवली नाही.