आमच्याकडचा काका

माझं आडनाव मांडवकर आणि संदेशचंही मांडवकर, एवढाच आमचा गुन्हा. तो कोपरीचा, मी डोंबिवलीची. त्याचं गाव संगमेश्वरकडे, आमचं राजापूरकडे. दोन्ही घरांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. पण बाबांचे धाकटे भाऊ, परशुराम काका, कल्याणहून आले आणि निकाल लावून मोकळे झाले.

"एक आडनाव म्हणजे एक भावकी. बहीणभावाचं लग्न लावू का, संचिता?"

माझं डोकं सटकलं. मीच डीएनए टेस्टचं काढलं. बापाकडून मुलाकडे जाणारा भाग तपासतात. तो जुळला नाही तर मूळ पुरुष वेगळा, म्हणजे भावकी नाही. काका कबूल झाले. संदेशचे पप्पा थुंकी देणार होते, आमच्याकडून थोरले म्हणून बाबा. तर काका म्हणाले, "दादाचं नि माझं एकच. पण मी पण देणार. उद्या कुणी म्हणायला नको, की काकाला विचारलं नाही."

मानपान थुंकीतही! कोण अडवणार?

रिपोर्ट माझ्या मेलवर यायचे होते. मी आणि संदेश एकाच ऑफिसात; तिथे मी मोबाईल उलटा ठेवायचे आणि लगेच सुलटा करायचे. "अगं, एका जागी बस ना जरा," संदेश म्हणायचा. त्याचं काय जात होतं म्हणायला!

रिपोर्ट आले. बाबांचं संदेशच्या पप्पांशी जुळत नव्हतं. मी नाचतच आईला मिठी मारली. मग काकांचा उघडला. काकांचं पप्पांशी जुळत होतं. बाबांशी मात्र नाही.

मी परत वाचलं. सख्खे भाऊ, आणि बाप वेगळे? आजी-आजोबा कधीच गेलेले. विचारणार कुणाला?

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवून मी गप्प बसले. पण रविवारी काका टपकलेच.

"माझा दाखव."

"नाही आला अजून."

"दादाचा आला आणि माझा नाही? एकत्र दिलेलं ना आपण?"

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी हात पुढे केला. "दे मोबाईल, बाळा."

त्यांनी वाचून तो काकांकडे दिला. वाचता वाचता काका ताडकन उठले. "बघ! माझं जुळतंय. भावकीच आहे. लग्न होणार नाही."

"परशा, पुढचं वाच," बाबा म्हणाले. "माझं तुझ्याशी जुळत नाही."

काका खाली बसले. आवाज एकदम उतरला. "मशीनची चूक असणार. दादा, तू पण म्हण चूक आहे. लग्नाचा विषय सोडू, सगळं होतं तसं राहील."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"चूक नाही," ते म्हणाले. "मी तुमच्या रक्ताचा नाही. म्हणजे माझी पोरही नाही. आता लागतं ना लग्न?"

काका चहा न घेताच गेले. नंतर बाबांचे फोनही घेईनात.

साखरपुडा टेंभी नाक्याजवळच्या हॉलमध्ये होता. बाबा सारखे दारापर्यंत जायचे, परत यायचे. काका आले, आणि सरळ मुलाकडच्या बाजूला जाऊन बसले. कुणी विचारलं तेव्हा म्हणाले, "आमची भावकी ती. रिपोर्टच आहे." मला वाटलं उठावं आणि भर हॉलमध्ये त्यांना सुनवावं. आईने माझा दंड घट्ट धरला होता.

मग व्याहीभेट सुरू झाली. दोन्हीकडची नातलग मंडळी जोडीजोडीने पुढे येऊन गळाभेट घेऊ लागली. आधी बाबा आणि संदेशचे पप्पा भेटले. मग भटजींनी पुकारलं, "मुलाचे काका, मुलीचे काका."

त्या बाजूने परशुराम काका उठले. आमच्या बाजूने कोण उठणार? आम्हाला काका एकच होते.

शेवटी बाबाच परत पुढे झाले. त्यांनी काकांना मिठी मारली. भटजी पुढच्या जोडीला बोलावत राहिले, पण बाबा काही त्यांना सोडेनात.