अकरावा लिगंड

आठ महिने ती प्रयोगशाळेत बोरॉनच्या नाकदुऱ्या काढत होती. बेंझिनच्या कड्यावर आधीच बसलेल्या गटाच्या त्यानं फक्त बरोबर समोरच्या जागी बसावं, एवढंच तिचं मागणं. पण तो मेला निम्मा समोर बसायचा, निम्मा त्या जागेच्या शेजारी. बोरॉनला कड्यावर बसवणाऱ्या इरिडियम उत्प्रेरकाला दहा लिगंड, म्हणजे त्याला वळण लावणारे रेणू, जोडून झाले. आज अकराव्यानं कमाल केली. नमुन्यात काय काय आहे ते दाखवणाऱ्या एनएमआर चाचणीत एकच पदार्थ दिसला, दुसऱ्याचा मागमूस नाही. तिचे मार्गदर्शक सर खूश होऊन मोठ्या सरांना फोन करायला खोलीत पळाले.

तिला मात्र चैन पडेना. कच्चा माल सगळा संपला होता, मग तयार पदार्थ हातात निम्माच कसा आला?

"सांडला असेल," शेजारची मैत्रीण म्हणाली. "तुझ्या हाताला कुठे धीर आहे?"

सांडला असता तर बरं झालं असतं. सकाळी घाईत तिनं आधी कॉलम करून, म्हणजे मिश्रण सिलिकातून थोडं थोडं वेगवेगळ्या नळ्यांत उतरवून, पदार्थ स्वच्छ केला, शुद्ध दिसल्या तेवढ्या नळ्या एकत्र केल्या आणि मग एनएमआर काढला. आधी एनएमआर, मग कॉलम, हे नव्यांना घसा फोडून सांगणारी तीच!

बाकीच्या नळ्या बेसिनपाशी धुवायला पडल्या होत्या. तिनं एकीतला थेंब सिलिकाच्या प्लेटवर टेकवला, द्रावकात उभी करून तो वर चढू दिला आणि प्लेट अतिनील दिव्याखाली धरली. दुसरा पदार्थ तिथे ठसठशीत बसला होता. जागा बोरॉननं कुठे निवडली होती? नळ्या वेचताना तिनंच निवडली होती.

सरांच्या खोलीतून हसणं ऐकू येत होतं. दार न वाजवताच ती आत शिरली.

"सर, फोन ठेवा."