माझी मागची रांग

मित्रांनो, बानी शहरातल्या एका गल्लीत अर्धी अंगणात आणि अर्धी रस्त्यावर उभी असलेली लांबरुंद, निळी, सरकत्या दाराची जुनी गाडी म्हणजे मी. माझं शेपूट अंगणात मावत नाही, पण त्यात माझा दोष नाही. अंगणच लहान आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हापासूनच मला बसण्याच्या तीन रांगा आहेत. समुद्र ओलांडून मी या डोमिनिकन देशात आले आणि विल्किनच्या घरची झाले. विल्किन, त्याची बायको यूदेल्का, चार मुलं आणि विल्किनची आई एनेरोलिसा आजी, सगळं घर माझ्यात बसतं. वर कोंबडीभाताचं पातेलंही मावतं. शाळा, बाजार, शेजाऱ्यांची लग्नं, कुणाचा पलंग, मी सगळं वाहिलं. सुरुवातीला विल्किन मला रोज धूत असे. पुढे मात्र त्याला माझे दोषच दिसू लागले.

"पेट्रोल पाण्यासारखं पिते," तो म्हणे. "बाजारात उभी करायला जागा मिळत नाही. आणि गल्लीतला जो तो हिलाच मागायला येतो."

यात खोटं काहीच नव्हतं. शेवटी ठरलं की सोमवारी मला देऊन छोटी लाल गाडी आणायची. आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही शेवटचं नदीवर गेलो.

इथली मुलं कुठे निघताना आणि कुठून आल्यावर मोठ्यांकडे आशीर्वाद मागतात. नदीवरून निघताना चौघं माझ्या मधल्या रांगेत चढली आणि एका सुरात म्हणाली, "आजी, आशीर्वाद दे."

"देव तुमचं भलं करो," आजीचा आवाज आला.

तो ऐकून विल्किनला वाटलं, आई बसली. त्याने दार ओढलं आणि मला चालू केलं. माझ्या आसनांच्या उंच पाठींमुळे मागची रांग, म्हणजे आजीची नेहमीची जागा, पुढून दिसत नाही, हा माझा खरा दोष. आजी माझ्या मागे, काठावर बसून पातेल्यातली खरवड काढत होती. तिने हाक मारली, पण रेडिओ जोरात चालू होता. मला मागे हलकं लागत होतं, पण मी बोलणार कशी?

घरी पोचल्यावर मुलं उतरली. "आजी, आशीर्वाद दे."

उत्तर आलं नाही. यूदेल्काने आत डोकावलं. मागे फक्त ओले टॉवेल होते.

"अहो, आई कुठे आहेत?"

विल्किन इतका घाबरला की खिशात किल्ली शोधत राहिला. किल्ली माझ्यातच होती. सगळे पुन्हा चढले आणि मी जीव तोडून धावले.

आजी पातेलं मांडीवर घेऊन काठावर बसली होती.

"आई, चुकलं माझं," विल्किन म्हणाला. "गाडी एवढी मोठी, वाटलं तू मागे आहेस. छोटी गाडी आली की असं व्हायचं नाही. तिच्यात सगळे डोळ्यांसमोर असतात."

"खरंय रे," आजी म्हणाली. "छोट्या गाडीत तू मला विसरणार नाहीस. तुम्ही सहा जण बसलात की ती भरली. मला आणणारच नाहीस, तर विसरशील कशाला?"

विल्किनने तिच्या मांडीवरचं पातेलं उचललं. धाकटीने हळूच विचारलं, "आजी, खरवड?"

"संपली. मला सोडून जाणाऱ्यांना मिळत नसते."

सोमवारी लाल गाडीवाला आला आणि तसाच परत गेला.

माझं शेपूट अजून रस्त्यावरच असतं आणि पेट्रोलही मी तेवढंच पिते. पण विल्किन आता निघण्याआधी मागे येतो आणि वाकून आत बघतो. मित्रांनो, तुमची गाडी मोठी असो की लहान, नुसता आवाज ऐकून दार लावू नका. मागे बसणाऱ्याचा चेहरा बघा आणि मगच निघा.