कानातली निंबाची काडी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून हसू नका. माझे केस झडले आहेत आणि दांड्यावर इतक्या रंगांची पुटे चढली आहेत की माझा मूळ रंग मलाच आठवत नाही. मी एक जुना ब्रश आहे. दुसरबीडला हमरस्त्यालगत धम्मरत्न पेंटरचे टपरीवजा दुकान आहे, तिथल्या पत्र्याच्या डब्यात माझा मुक्काम असतो.

मी नवा होतो तेव्हा माझे टोक सुईसारखे होते आणि त्याचा मला भारी तोरा होता. धम्मरत्नाने मला जालन्याहून आणले. त्याआधी तो कोळशाने गोठ्याच्या भिंती रंगवायचा. त्यापायी त्याने वडिलांचा मारही खाल्ला, पण पुढे तेच वडील लोकांना बोलावून ती भिंत दाखवू लागले. माझ्यासोबत त्याने हॉटेलांच्या पाट्या रंगवल्या, ट्रॉल्यांवर मोर काढले, विहाराच्या भिंतीवर कमळे फुलवली. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र तो दुकान बंद ठेवून बाजारात नुसता बसून राहायचा. कोणी विचारले तर म्हणायचा, "भाजीले पैसे लागतेत, चेहरे फुकट भेटतेत."

वारलेल्या माणसांची चित्रे काढून घ्यायलाही लोक त्याच्याकडे येत. आमच्याकडे त्याची एक रीत आहे. जन्मभर जे अंगावर चढले नाही, ते चित्रात चढवायचे. बाप्याला फेटा आणि मनगटी घड्याळ, बाईला सोन्याची एकदाणी, आणि दोघांचाही रंग जरा उजळ. घरचे खूश होत. पिवळा रंग लावायला मलाही आवडायचे, खोटे कशाला बोलू?

एकदा सुलतानपूरची अश्विनी आली. ती दवाखान्यात नर्स होती. तिची आई तानुबाई गेली त्याला वर्ष होत आले होते. आईचा एकच फोटो होता, तोही कुणाच्या तरी लग्नातला. त्यात कोपऱ्यात चिंचोक्याएवढा पुसट चेहरा.

"पेंटरभाऊ, मले मायचा चेहराच आठवून नाही राह्यला," ती म्हणाली. "डोये मिटले का नुसतं तिचं लुगडं दिसते." एवढे बोलून ती रडू लागली. मलाही फार वाईट वाटले.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी ती चित्र न्यायला आली. चित्र आम्ही झकास केले होते. गोरीपान तानुबाई, गळ्यात एकदाणी, कानात सोन्याची फुले. अश्विनीने बराच वेळ पाहिले.

"हे कोन बाई होय?"

धम्मरत्न गडबडला. "सारेच घालाले लावतात, ताई."

"माह्या शिक्षणापाई मायनं कानातले मोडले, भाऊ. भोकं बुजू नये म्हनून निंबाची काडी घालायची. तुम्ही तिले सोनं घातलं, मंग माही माय कुठी गेली?"

धम्मरत्नाने टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि सगळे सोने पुसून काढले. चेहराही पुसला. मग तिच्यासाठी स्टूल पुढे सरकवले.

"बसा. माय दिसे कशी ते नका सांगू. करे काय, ते सांगा."

अश्विनी सांगू लागली. कापूस वेचताना माय कशी वाकायची, समोरचा दात तुटला म्हणून हसताना पदर तोंडाशी कशी न्यायची, चूल फुंकताना धुराने एक डोळा कसा बारीक करायची. सांगता सांगता अश्विनीचाच डोळा बारीक झाला. धम्मरत्नाने तेवढेच टिपले आणि मला झटकन उचलले.

संध्याकाळपर्यंत रापलेल्या रंगाची, डोळा बारीक केलेली एक बाई आमच्यासमोर बसली होती. शेवटी माझ्या टोकाने त्याने तिच्या कानात काडी ओढली.

"माय वं!" अश्विनी ओरडली आणि तिने चित्राच्या गालावर हात ठेवला. रंग ओला होता. गालावर तिच्या बोटांचे ठसे उमटले.

ती ओशाळली. "आता हे नीट करा, भाऊ."

धम्मरत्नाने मला खाली ठेवले. "नाही, ताई. मायच्या गालावर लेकीचा हात आहे. त्याले कायले पुसू?"

चित्र तसेच सुलतानपूरला गेले.

मित्रांनो, काम झाल्यावर ब्रश धुऊन ठेवत जा, ही आम्हा ब्रशांची विनंती तर आहेच. पण तिच्याहून मोठी विनंती दुसरी आहे. आज घरी गेलात की आईच्या तोंडाकडे जरा निरखून पाहा. ती वैतागेल, "काऊन पाहून राह्यला बे असा?" म्हणेल. म्हणू द्या. तुम्ही पाहत राहा.