मेट्रो स्वागत समिती

सोलापुरात मेट्रो येणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मेट्रो स्वागत समिती मात्र येऊन बसली होती. तिच्या आग्रहावरून पहिलं काम झालं ते मायाक्काच्या वस्तीसमोरचा बसथांबा उखडण्याचं. तिथं म्हणे मेट्रोचा खांब येणार. थांबा नाही म्हणून बस थांबेना, बस थांबत नाही म्हणून प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणून बस बंद. सगळं इतकं शिस्तीत झालं, की शिवी तरी कुणाला द्यावी?

मायाक्काचा नवरा तात्याबा मेंढरं विकून शहरात वॉचमन झालेला. त्यानं निकाल देऊन टाकला, "बस न्हाय तर कालेज न्हाय." माळशिरसहून पोरीला, सुकन्याला, स्थळ आलं होतं, ते त्याच्या डोक्यात घोळत होतं. आज दुपारी तिची प्रॅक्टिकलची परीक्षा. ती बुडाली की वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं की मांडव. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुणे रोडला. म्हणून सकाळीच पोरीला घेऊन मायाक्का चालत समितीच्या सभेत धडकली. तिचा विचार सरळ होता : ज्यांच्या शब्दावर बस बंद होते, ते आज पोरीची सोयही करू शकतात.

सभेत सत्कार चालले होते. ज्यांना टॉवेल-टोपी मिळाली, त्यांनी उठून देणाऱ्यांना टॉवेल-टोपी दिली. ते आटोपलं तसं स्टेशनांच्या जागांवरून जुंपली.

"आमच्या चौकात स्टेशन झालं नाही तर रूळ उखडून टाकू!" एकजण ओरडला. रूळ अजून टाकायचे होते, ही बारीकशी अडचण कुणी काढली नाही.

मायाक्का उभी राहिली. "सायेब, मेट्रो येऊ द्या की. पर आमची बस कुटं गेली?"

अध्यक्ष पृथ्वीराज मायेनं हसला. "ताई, आपण पन्नास वर्षं पुढचं बघतोय. बस म्हणजे जुनं झालं."

"पोरीची परीक्षा आज हाय. पन्नास वर्सांनी न्हाय."

हॉल खदखदून हसला. "असा महिलांचा सहभाग पाहिजे!" पृथ्वीराजनं माइकवर जाहीर केलं. "ताईंचा सत्कार करा!"

काही कळायच्या आत तिच्या ओटीत खण-नारळ पडला आणि फोटोही निघाला. नारळ कुठं फोडावा याचा तिनं क्षणभर गंभीरपणे विचार केला. मग पोरीचं मनगट धरून ती बाहेर पडली.

बाहेर समितीची पांढरी गाडी एसी लावून उभी होती. मायाक्कानं मागचं दार उघडलं, सुकन्याला आत ढकललं आणि शेजारी स्वतः बसली.

"आक्का, समितीची गाडी हाय ही," ड्रायव्हर कल्लप्पा गडबडला.

"आमीबी समितीचंच की. सत्कार झालाय आमचा."

पृथ्वीराज धावत आला. "उतरा खाली!"

"न्हाय उतरत. पोरीला पुणे रोडच्या कालेजात सोडा."

"आई, चल ना गं," सुकन्या पुटपुटली.

"गप बस. परीक्षा तुजी हाय का यांची?"

"पोलिसांना बोलवू का?" पृथ्वीराजनं दम दिला.

"बोलवा की. त्यो फोटोवालाबी हितंच हाय. आत सत्कार केला आन् भाईर येऊन धरून दिली, लई झ्याक फोटू येतील!"

फोटोवाला खरोखरच कॅमेरा सावरून उभा होता. पृथ्वीराजनं त्याच्याकडं पाहिलं, चेहऱ्यावर हसू आणलं आणि पुढच्या सीटवर बसला. "कल्लप्पा, पुणे रोड."

रस्ताभर तो फोनवर मेट्रो भुयारी हवी की पुलावरून, यावर बोलत होता आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं छताला लागत होतं.

कॉलेजच्या फाटकाशी गाडी थांबली. सुकन्या ओढणी सावरत आत पळाली.

"झालं समाधान?" पृथ्वीराजनं मागं वळून विचारलं.

"आजचं झालं. उद्या लेखी हाय. वस्तीवर किती वाजता येताय?"

तो हसला. मायाक्का हसली नाही, आणि उतरलीही नाही.