घट्ट बसलेली पेटी

पेटी घट्ट बसली, हीच तर पंचाईत होती.

लेझर कापता कापता रेघेवरचं केसभर लाकूड जाळून खातो. त्यामुळे नवशिक्यांच्या पेट्यांच्या कडांचे दात समोरच्या फळीच्या खाचांमध्ये खुळखुळतात. डिझाइन शिकवणाऱ्या बाई दरवर्षी ते मुद्दाम होऊ देत आणि मग कारण सांगत. यंदाही सगळा वर्ग खुळखुळत होता. एकट्या त्यांच्या भाचीची प्लायची पेटी उलटी धरून हलवली तरी सुटेना.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. भाची त्यांच्याच घरी राहून शिकत होती, आणि त्याच घरात जन्मभर लाकडाचे सांधे जुळवत आलेला एक माणूस होता: नवरा. वर्गाचा नियम साधा होता. आकृती दुसऱ्याने काढलेली निघाली, की वर्गातून नाव कमी. नियम भाचीपुरता वाकवला असता तर बाकीच्या मुलांना तोंड दाखवायची सोय उरली नसती.

जेवताना त्यांनी खडा टाकून पाहिला.

"पोरीची पेटी छान झालीय हं."

"हो का?" नवऱ्याने ताटातून मानही वर केली नाही. इतका गरीब चेहरा त्याने लग्नाच्या फोटोतसुद्धा केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी भाचीला मशीनपाशी उभं केलं. "ही अ‍ॅक्रिलिकची शीट. माझ्यासमोर आकृती काढायची, कापायची, जोडायची."

"मावशी, तुला काय वाटतंय, काकांनी..."

"काढ."

भाचीने प्रत्येक दात खाचेपेक्षा किंचित जाड काढला. बाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. हे तर अजून वर्गात शिकवलंच नव्हतं. म्हणजे नवराच.

तुकडे कापून निघाले. भाचीने दात खाचेवर ठेवून तळव्याने दाबला. कट्. कोपऱ्यातून तडा गेला.

"पण प्लायला असंच बसलं होतं," ती रडवेली झाली. "मधल्या सुट्टीत उरलेल्या तुकड्यांवर करून बघितलं. ढिलं व्हायचं, मग दात जाड करत गेले."

बाई तड्याकडे बघत राहिल्या. लाकूड दबून सामावून घेतं, अ‍ॅक्रिलिक घेत नाही. नवऱ्याने काही शिकवलं असतं, तर आधी हेच बजावलं असतं.

"पास," त्या म्हणाल्या.

"फुटली की."

"म्हणूनच."

भाचीने तुकडे गोळा केले. "काकांनाही विचारलंस?"

"नाही अजून."

"मग नको विचारू. उगाच त्यांच्याही मनाला लागेल."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "दाखव, दात किती जाड केला होतास."

भाचीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. स्वतः मात्र थोडी लांब सरकून बसली.